उकळी फुटल्यावर गॅस मोठा केला, तर ती उष्णता जाते कुठे?

तुम्ही विचारलंय: पाणी उकळायला लागल्यावर गॅस कितीही मोठा केला तरी थर्मामीटर 100 अंशांवरच थांबतो, मग दिलेली उष्णता मुरते कुठे? आणि आई म्हणते तसं गॅस बारीक केला तर बटाटे उशिरा शिजतील का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही, उशीर होणार नाही. उकळी टिकून आहे तोवर बटाट्यांना 100 अंशांचंच पाणी मिळतंय. मोठ्या आचेने फक्त वाफ जास्त होते.

आता पहिल्याकडे. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि तापमान म्हणजे उष्णतेचा साठा हा समज मुलांच्या मनातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तापमान सांगतं ते रेणूंची धावपळ सरासरी किती आहे एवढंच, म्हणजे त्यांची गतिज ऊर्जा. पण पाण्याचे रेणू नुसते धावत नसतात, ते एकमेकांना धरूनही असतात. एका रेणूतला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. उकळीच्या आधी दिलेली उष्णता धावपळही वाढवते, म्हणून पारा चढतो. उकळी फुटली की पुढची जवळजवळ सगळी उष्णता ही पकड सोडवण्यात खर्च होते. रेणू एकमेकांपासून दूर जातात, पण त्यांचा सरासरी वेग वाढत नाही. म्हणजे ऊर्जा हरवत नाही, ती स्थितिज ऊर्जा होऊन वाफेत जाते. 1760च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी ही थर्मामीटरला न दिसणारी उष्णता मोजली. आपल्या पुस्तकात तिला अप्रकट उष्मा म्हणतात.

ती किती असते हे आकड्यांत बघाच. एक लिटर पाणी 30 अंशांवरून 100 पर्यंत न्यायला 70 किलोकॅलरी लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायला 540. उकळी यायला पाच मिनिटं लागली असतील, तर तेवढ्याच आचेवर पातेलं कोरडं पडायला त्यापुढे पस्तीस-चाळीस मिनिटं जातील. त्या मानाने बर्फ स्वस्तात वितळतो, किलोला 80 किलोकॅलरी. कारण वितळताना रेणूंची शिस्तशीर रचना मोडते, पण ते एकमेकांना चिकटूनच राहतात. वाफ होताना मात्र साथ पूर्ण सोडावी लागते.

पाण्याची ही पकड किती जबर आहे हे कळायला हायड्रोजन सल्फाइडशी तुलना करावी. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे 60 अंशांनाच उकळतो. पाण्यातले हायड्रोजन बंध नसते तर आपल्या हवामानात पाणी द्रवरूपात राहिलंच नसतं. हे शिकवताना मला अजूनही दरवेळी नवल वाटतं.

त्या 540 पैकी साधारण तेरावा हिस्सा मात्र पकड सोडवण्यात जात नाही. वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा घेते, तेव्हा भोवतालची हवा मागे ढकलायला तो लागतो. कुकरमध्ये शिटीच्या वजनामुळे दाब वाढतो, रेणूंना निसटायला जास्त जोर लागतो, म्हणून तिथे पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ लवकर शिजते.

आणि पकड सोडवायला चूल हवीच असंही नाही. माठाच्या भिंतीतून झिरपलेल्या पाण्यातले सगळ्यात वेगवान रेणू आपणहून उडून जातात. मागे उरतात ते संथ, म्हणजेच गार. एक किलो पाण्यातलं अवघं 10 ग्रॅम उडालं आणि बाहेरून उष्णता आली नाही, तर उरलेलं पाणी जवळपास सहा अंशांनी उतरतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ गारेगार होतो, रत्नागिरीत तितका होत नाही, कारण दमट हवेतले पाण्याचे रेणूही मोठ्या संख्येने परत येऊन चिकटत असतात.

ते परत चिकटतात तेव्हा घेतलेली उष्णता पुरती परत करतात, आणि इथे जपायला हवं. मागे इडलीपात्राचं झाकण उचलताना माझ्या मनगटावर वाफ आली, त्याचा डाग अजून आहे. उकळतं पाणी 100 वरून अंगाच्या 37 अंशांपर्यंत निवताना ग्रॅममागे 63 कॅलरी देतं. वाफ कातडीवर पाणी होतानाच आधी 540 देते, मग वर ते 63. म्हणून झाकण नेहमी आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उचला, आणि भाजलंच तर तो भाग वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका.