बॅटरी उतरलीय, स्टार्टर फिरत नाही. धक्का मारून कार चालू होईल का?

होते, पण गिअरची गाडी असेल तरच. ऑटोमॅटिकला कितीही ढकला, उपयोग नाही.

चावी ऑन करा, क्लच पूर्ण दाबून दुसरा गिअर टाका. पहिल्यात गाडी हिसका देऊन जागीच अडते. दोघा-तिघांनी ढकलून वेग ताशी ८-१० किमीला आला की क्लच झटकन सोडा. चाकंच इंजिन फिरवतात. इंजिनाने धरलं की लगेच क्लच दाबून हलकी रेस द्या.

मीटरवरचे दिवे थोडे तरी लागायला हवेत. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांत इंधनाचा पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) बॅटरीवर चालतात. दिवे साफ बंद असतील तर माणसं दमवू नका, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची जंपर केबल मागवा.

चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात असाल तर उतारावर हे अजिबात करू नका! इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंगही जड जातं. सपाट रस्ताच बघा.

चालू झाल्यावर लगेच बंद करू नका, थेट बॅटरीवाल्याकडे न्या. जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन बॅटरीचं आयुष्य फार लवकर खातं.