सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर घेऊ का?

प्रश्न: मी २९ वर्षांची, अविवाहित. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. हातात ४६,००० पडतात. भाडं ९,५००, जळगावला आईबाबांना ८,०००, बाकी खर्च साडेतेरा हजार, एसआयपी ५,०००. एफडीत १,१०,००० आहेत. स्कूटीचे हप्ते नुकतेच फिटले. दिवाळीला २५,००० बोनस मिळतो. रोज रात्री भावाबरोबर ऑनलाइन व्हॅलोरंट खेळते, सुट्टीला स्टोरीवाले गेम. २०२० चा जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप तापतो, मध्येच अडकतो. रूमवर टीव्ही आहे, पण तो मैत्रिणीचा. जीटीए ६ हा नवा गेम येण्याआधी १,२५,००० चा गेमिंग लॅपटॉप क्रेडिट कार्डावर १८ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने घ्यायचा म्हणते. हप्ता ६,९४४. आई म्हणते, या वयात खेळणी कसली घेतेस?

उत्तर: आईंचा प्रश्न माझ्या खात्यात येत नाही. घरी पैसे पाठवून, एसआयपी भरून जे उरतं ते गेमवर घालवायचं की साड्यांवर, हे तुम्ही ठरवायचं. मी फक्त या लॅपटॉपबद्दल बोलतो, आणि तो घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं कारण पैशाचं नाहीच. जीटीए ६ ची जाहीर तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे, पण ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रांसाठी. पीसीची, म्हणजे लॅपटॉपवरचीही, तारीख कंपनीने दिलेलीच नाही. हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीची आजवरची रीत बघा. जीटीए ५ कन्सोलवर आला सप्टेंबर २०१३ मध्ये, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ ला, पीसीवर वर्षभराने. याही वेळी तसंच झालं, तर तुमचा अठरावा हप्ता भरून होईल आणि ज्या गेमसाठी लॅपटॉप घेतला तो आलेला नसेल. तारीख याआधी दोनदा पुढे गेलेली आहे, तेही धरून चला.

आता ‘नो-कॉस्ट’कडे वळू. बिनव्याजी हप्ता असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. होतं असं: बँक व्याज लावते आणि तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधीच किमतीतून देते. वार्षिक १५ टक्के दर धरला, तर तुमच्या १,२५,००० मध्ये जवळपास १३,७०० रुपये व्याजाचे आहेत. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो मात्र तुमच्याच बिलात येतो. म्हणजे अडीच हजारांच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. शिवाय रोखीने किंवा एकरकमी घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हातची जाते. ही रक्कम फार मोठी नाही, मान्य. पण एखादा हप्ता चुकला आणि कार्डाची बाकी पुढे ढकलली गेली, की वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांचं मीटर सुरू होतं. तुमच्याकडे महिन्याला दहा हजार उरतात. हप्ता गेल्यावर तीन राहतील. बाबांना एकदा दवाखान्यात न्यावं लागलं, तर तो हप्ता चुकणारच.

गेमिंग लॅपटॉप ही वस्तूही मला पैशाच्या हिशेबात पटत नाही. सव्वा लाखात जे ग्राफिक्स मिळतं ते बोर्डावरच बसवलेलं असतं, चार वर्षांनी कमी पडलं तर बदलता येत नाही. डेस्कटॉपचं कार्ड काढून विकता येतं, नवं टाकता येतं. तुम्ही डेस्कटॉपबद्दल विचारलेलं नाही, पण विचारलं असतं तरी सध्या थांबा म्हटलं असतं. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप उचलल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेलं कोटेशन पुढच्या आठवड्यात टिकेल याची खात्री नाही.

मग काय घ्यायचं? तुमचे खेळ दोन प्रकारचे आहेत आणि त्यांना एकच यंत्र लागत नाही. व्हॅलोरंट हलका गेम आहे, जीटीएक्स १६५० ला तो मुळीच जड नाही. लॅपटॉप तापतोय याचं कारण बहुधा आत साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर काढणारा लेप). चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून उघडून साफ करून घ्या, पंखा तपासा, पेस्ट बदला. खर्च हजाराच्या आसपास. अजून विंडोज १० वर असाल तर ११ टाका, १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू हव्यात, नाहीतर विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं वॅनगार्ड हे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर अडवतं.

स्टोरी गेम आणि जीटीएसाठी प्लेस्टेशन ५, पण डिस्कवालाच. भारतात २०२४ मध्ये स्लिम मॉडेल आलं तेव्हा डिस्कचं ५४,९९० ला होतं आणि बिनडिस्कचं डिजिटल दहा हजारांनी स्वस्त. त्या दहा हजारांना भुलू नका. नवा मोठा गेम चार-पाच हजारांना पडतो. डिस्क असेल तर महिन्या-दोन महिन्यांत गेम संपवून निम्म्या-पाऊण किमतीला विकता येतो, जुनी डिस्क विकतही घेता येते. डिजिटलमध्ये घेतलेला गेम तुमच्या खात्यातच अडकून राहतो. वर्षाला चार गेम धरले तरी दोन वर्षांत दहा हजारांचा फरक भरून निघतो. उलट, पीसीवर स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या सेलमध्ये तोच गेम वर्षभराने निम्म्यात मिळतो हे खरं. कन्सोल यंत्र म्हणून स्वस्त आणि गेमना महाग. तुमच्यासारखं निवांत, एका वेळी एक गेम खेळणाऱ्याला हे चालतं. भावाबरोबर कन्सोलवर विकतचा गेम ऑनलाइन खेळायचा झाला तर पीएस प्लस या प्लेस्टेशनच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी लागेल. ती नोव्हेंबरमध्येच घ्यायची गरज नाही.

आणि टीव्ही! मैत्रिणीला मालिका बघायची असेल त्याच वेळी तुम्हाला खेळायचं असणार. म्हणून २४ इंची फुल एचडी मॉनिटरचे दहा हजार आत्ताच हिशेबात धरा. तो लॅपटॉपलाही जोडता येईल. मॉनिटरचा आवाज यथातथाच असतो, हेडफोन लागतील. प्लेस्टेशनचा २०२४ चाच भाव धरून एकूण बजेट ६५,०००.

पैसे असे उभे करा. जो सात हजारांचा हप्ता भरायची तुमची तयारी होती, तोच मार्चपासून स्वतःला भरा. ५,००० ची आरडी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी. ऑक्टोबरपर्यंत ४०,००० झाले. २०२६ ची लक्ष्मीपूजा ८ नोव्हेंबरला आहे, तोवर बोनसचे २५,००० आले. झाले ६५,०००. सणात प्लेस्टेशनवर सूट निघाली तर गेमचे पैसे त्यातच सुटतात. गेमची तारीख पुन्हा ढकलली, तर खरेदीही ढकला. आधीपासून आणून ठेवलेल्या कन्सोलची वॉरंटी मात्र सरत राहते.

त्या सात हजारांतले उरलेले २,००० एफडीच्या शेजारी टाका. तुमचा आवश्यक खर्च ३१,००० आहे, सहा महिन्यांचे १,८६,००० हवेत. सध्या साडेतीन महिन्यांचेच आहेत. खरेदी झाल्यावर सगळे ७,००० तिकडे वळवले, तर २०२७ च्या मध्यापर्यंत ही रक्कम पूर्ण होईल.

राहिलेल्या तीन हजारांपैकी काही स्वतःच्या आरोग्य विम्याला द्या. कंपनीचा विमा नोकरीबरोबरच जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही, त्यामुळे जुनं कोटेशन असेल तर नवीन मागवा. एसआयपी आणि एफडीला हात लावू नका. लॅपटॉप या रविवारी दुरुस्तीला टाका.