बाबांना कोलेस्टेरॉलसाठी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं आरएनए इंजेक्शन सुचवलंय. त्यात केमिकल बदल केलेले असतात म्हणे, मग ते सहा महिने अंगात राहणं घातक नाही का? (देवगड)

मी डॉक्टर नाही, लोट्याला एका कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची तपासणी करायला आहे, त्यामुळे बोलेन ते रेणूबद्दल, बाबांना द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील. कोकणात केमिकल म्हटलं की आधी खाडीतली मेलेली मासळी आठवते, त्यामुळे तुमची भीती समजते. पण इथे तो बदल केला नाही तर औषध म्हणून काही उरतच नाही.

तुम्ही सांगताय त्यावरून हे इन्क्लिसिरान असणार. आरएनएच्या सांगाड्यात जी साखर असते, तिच्या दोन नंबरच्या कार्बनला एक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो, सगळी नाजूकता त्यातच, तिथूनच तो तुटतो आणि रक्तातली एन्झाइम्स तर टपलेलीच असतात, त्यातून वाचला तर एवढासा रेणू किडनी गाळून लघवीत टाकते, म्हणजे साधा आरएनए टोचला तर काही मिनिटांचा खेळ. म्हणून त्या ओएचच्या जागी कुठे मिथॉक्सी, कुठे फ्लोरिन बसवतात आणि टोकांना फॉस्फेटमधला एक ऑक्सिजन काढून सल्फर घालतात. एन्झाइमला मग तो धड पकडताच येत नाही.

पण टिकला म्हणून पेशीत जाईल असं नाही. त्यावर भरपूर निगेटिव्ह चार्ज, आणि पेशीचं आवरण तेलकट. 2018 साली आलेलं पहिलं असं औषध, पॅटिसिरान, चरबीच्या बारीक गोळ्यांत भरून दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून द्यावं लागायचं. नंतरची युक्ती मला जास्त आवडते, गॅलनॅक नावाची साखर, तिचे तीन रेणू आरएनएच्या एका टोकाला जोडायचे. ही साखर ओळखून आत ओढणारा रिसेप्टर लिव्हरच्या पेशींवर खच्चून भरलेला असतो, म्हणून कातडीखाली टोचलेलं औषध बरोबर तिथे जातं.

आता सहा महिन्यांचं. रक्तातून हे साधारण दोन दिवसांत गायब होतं! पेशीत मात्र ते एका पिशवीत अडकून पडतं आणि त्यातलं अगदी थोडं बाहेर सुटतं, हर्णैला मोठ्या होड्या खोल पाण्यात उभ्या आणि मासळी थोडी थोडी किनाऱ्याला येते तसं. कामाचं तेवढंच. सुटलेल्या दुपदरी आरएनएची एक साखळी पेशीतल्याच एका प्रोटीनमध्ये बसून पीसीएसके9 नावाच्या प्रोटीनचा मेसेंजर आरएनए, म्हणजे ते प्रोटीन बनवायचा निरोप, पुन्हापुन्हा कापत राहते, पीसीएसके9 कमी झालं की लिव्हर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जास्त ओढतं, ट्रायलमध्ये ते निम्म्याच्या आसपास उतरलेलं दिसलं. म्हणजे अंगभर फिरत राहत नाही, लिव्हरमध्ये हळूहळू संपतं.

घातक का? सगळंच गोड आहे असं नाही सांगणार. रेव्हुसिरान नावाचं याच घराण्यातलं जुनं औषध 2016 मध्ये ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसल्यावर बंद केलं गेलं. त्यातले केमिकल बदल कमी टिकाऊ होते म्हणून डोस फार मोठा लागायचा, नंतरच्या औषधांत टिकाऊपणा वाढवून डोस बराच खाली आणलाय. इन्क्लिसिरानला मुख्य तक्रार म्हणजे सुई टोचलेल्या जागी दुखणं, लाल होणं. अर्थात हे स्टॅटिनसारखं (कोलेस्टेरॉलच्या नेहमीच्या गोळ्या) तीस-चाळीस वर्षं वापरून झालेलं औषध नव्हे, हेही लक्षात असू द्या.

लिव्हरसारखी सोय दुसरीकडे अजून नाही. नुसिनर्सेन नावाचं असंच एक औषध मज्जासंस्थेसाठी आहे तर ते थेट पाठीच्या मणक्यांमधून आतल्या द्रवात टोचावं लागतं, स्नायूंसाठी आरएनएला अँटीबॉडी जोडून बघतायत. म्हणून कोणी गुडघ्याला वगैरे आरएनएचं काही विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

डॉक्टरांना विचारा की स्टॅटिनचा पूर्ण डोस देऊन झालाय का, आणि सांगितल्याशिवाय स्टॅटिन बंद करू नका. पहिल्यानंतरचं इंजेक्शन तीन महिन्यांनी असतं, मग दर सहा महिन्यांनी. फ्रीज लागत नाही त्याला, त्यामुळे बाहेरून मागवलं तरी एसटीच्या प्रवासात बर्फाची काळजी नको, फक्त उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि टोचायचं ते दवाखान्यातच.