माफ करण्याची घाई नको

पुणे

सप्रेम आशीर्वाद.

वसतिगृहात कोणी दार आपटले तरी वडिलांची चाहूल लागल्यासारखे अंग आखडते, असे लिहून तू ‘मी उगाच बाऊ करते आहे का?’ असे विचारले आहेस. हा बाऊ नव्हे. मेंदूतील अमिग्डाला हा भाग विचाराच्या आधीच धोक्याची दखल घेतो, आणि ज्या मुलीचे बालपण पुढचा फटका केव्हा बसेल याचा अदमास घेण्यात गेले, तिच्यात ही सवय पुण्याच्या सुरक्षित खोलीतही टिकून राहू शकते. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे ९,५०८ प्रौढांच्या उत्तरांवर आधारलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातील मारहाण, अपमान, व्यसन यांसारखे जितके अधिक प्रकार वाट्याला आले होते, तितके नैराश्याचे आणि हृदयविकाराचेही प्रमाण अधिक आढळले. हा अर्थातच समूहाचा हिशेब आहे, तुझे भविष्य नव्हे.

‘झाले गेले विसर, शेवटी ते जन्मदाते आहेत’ हा मावशीचा सल्ला मात्र मला मान्य नाही. मारण्यालाच वळण लावणे समजणाऱ्या आपल्या घरांत मुलाने माफ केले की सर्वांची सोय होते आणि काय घडले हे बोलण्याची गरजच उरत नाही. (मावशीचा हेतू वाईट नसेल, तिनेही तेच सोसले असेल.) क्षमा करावीशी वाटली तर पुढे कर, न वाटली तरीही माणूस बरा होतो.

उपचारांची सुरुवात सगळे उकरून काढण्याने होत नाही. आघातकेंद्री (मनावर झालेल्या जुन्या जखमांवर भर देणारे) संवादोपचार असोत वा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करण्याची पद्धत), चांगला थेरपिस्ट आधी मन स्थिर करायला शिकवतो: पाय जमिनीला टेकवून बसणे, श्वास सावकाश सोडणे, समोरच्या वस्तूंची नावे घेणे. पहिल्याच भेटीत सर्व सांगण्याचा किंवा माफ करण्याचा आग्रह कोणी धरला, तर खुशाल दुसरा थेरपिस्ट शोध. खासगी फी परवडत नसेल तर पुण्याच्या ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. आणि रात्री-अपरात्री फारच असह्य झाले तर १४४१६ या टेलिमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य बोलता येते.

दिवाळीला घरी किती दिवस राहायचे ते आताच ठरव, परतीचे तिकीटही आधीच काढून ठेव, आणि वडिलांचा आवाज चढू लागला तर जिच्याकडे उठून जाता येईल अशा एखाद्या मैत्रिणीला तशी कल्पना देऊन ठेव.