ठमी आणि बंड्यामध्ये कोण आलं?

*प्रिय मावशी,*

*आमच्याकडे बंड्या नावाचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा आहे आणि ठमी नावाची नऊ वर्षांची मांजर. बंड्या पिल्लू होता तेव्हापासून दोघं एकाच गोधडीवर झोपतात. पंधरा दिवसांपूर्वी रात्री आमच्या भागात बिबट्या दिसल्याची आवई उठली आणि सोसायटीतल्या मुलांनी फटाके लावले. दोघं गॅलरीत होते. ठमी एकदम किंचाळली आणि बंड्याच्या तोंडावर धावून गेली, त्यानेही तिला दातात धरलं. कसंबसं सोडवलं. तेव्हापासून तो दिसला की ती फिस्कारते, तो गुरगुरतो. चार दिवसांपूर्वी ह्यांनी ‘समेट करून देतो’ म्हणत तिला उचलून त्याच्यापुढे धरलं, तर पुन्हा तेच. मी मध्ये हात घातला, ठमीचा दात मनगटात घुसला. हळद लावली, थोडी सूज आहे. बंड्याची इंजेक्शनं दरवर्षी होतात. ठमी घरातच असते म्हणून तिला कधी दिली नाहीत. थंडी पडल्यापासून ती तशीही गप्पगप्प असते, फ्रिजवरसुद्धा चढत नाही. सासूबाई म्हणतात मांजर सोडून ये, हे म्हणतात बंड्याला दिंडोरीला दिरांच्या मळ्यावर ठेवू. दोघांतलं कोणाला ठेवू?*

*– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक*

प्रिय मुली,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू सगळ्यात घाईने लिहून टाकली आहेस. मनगटात दात घुसला आणि त्यावर हळद लावली. कुत्र्या-मांजराचं आपण नंतर बोलू, आधी उठ आणि डॉक्टरकडे जा. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरचं भोक दोन दिवसांत मिटतं आणि आत गेलेले जंतू आतच कोंडले जातात. चौथ्या दिवशी सूज आहे म्हणजे तिथे काहीतरी शिजतंय. बोटं मिटताना दुखत असतील किंवा लाली कोपराकडे सरकत असेल तर संध्याकाळचीही वाट बघू नकोस.

दुसरं रेबीजचं. ठमीला लस नाही, आणि रेबीज मांजरालाही होतो. प्राण्याचं वागणं एकाएकी बदलणं हे त्याचंही एक लक्षण असतं. ठमीच्या बाबतीत मला दुसरी कारणं जास्त दिसतात, ती पुढे सांगते, पण या आजारात अंदाजावर विसंबायचं नसतं. लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचवणं जवळपास अशक्य होतं, आणि वेळेत लस घेतली तर तो हमखास टाळता येतो. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये जा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते. दंडात घ्यायची असेल तर पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून पुढे ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी डोस असतात. रक्त आलं असेल तर जखमेभोवती आणखी एक इंजेक्शन लागतं, ते डॉक्टर बघून ठरवतील. चार दिवस गेले म्हणून आता उपयोग काय, असं मनात आणू नकोस, उशीर झाला तरी लस घ्यायचीच असते. आणि पुन्हा कधी असं झालं तर नळाखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं जखम धुवायची. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही.

आलीस जाऊन? आता ठमी-बंड्याकडे वळू.

कोणाला ठेवू, हा तुझा प्रश्न मी सध्या बाजूला ठेवते, कारण मला या दोघांत भांडण दिसतच नाही. त्या रात्रीचा प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर आण. मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकू येतं. शांत बसलेल्या ठमीच्या कानाशी फटाका फुटला. भीतीने अंगातलं सगळं बळ एकवटलं, पण चावायचं कोणाला? आवाजाला अंग नसतं. शेजारी बंड्या होता, त्याच्यावर ती धावली. मांजरात हे पुष्कळदा घडतं. खिडकीबाहेर परका बोका दिसतो आणि घरातलं मांजर पाय चाटायचं सोडून मालकिणीच्याच पोटरीला पंजा मारतं. एकदा असं पेटलं की शांत व्हायला काही तास लागतात, कधी काही दिवस. त्यात तिच्या डोक्यात गाठ बसली असणार, की तो भयंकर आवाज झाला तेव्हा समोर बंड्याचं तोंड होतं. बंड्यानेही तिला दातात धरलं, म्हणजे तिची भीती खरी ठरली. आणि जुना मित्र एकाएकी नाकाला ओरबाडतो, हे त्याच्याही गळी उतरलेलं नाही.

पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. फटाके दिवाळीतही वाजले असणार, तेव्हा असं काही झाल्याचं तू लिहिलेलं नाहीस. ‘थंडी पडल्यापासून गप्पगप्प, फ्रिजवरसुद्धा चढत नाही’ या तुझ्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. नाशिकची डिसेंबरची पहाट काय असते ते तुला सांगायला नको. नऊ वर्षांच्या मांजराचे सांधे अशा थंडीत आखडतात. मांजर दुखणं ओरडून सांगत नाही, फक्त उड्या मारायचं सोडतं, अंग चाटायचं कमी करतं आणि कोपरा धरून बसतं. ज्याचं अंग आधीच ठणकतंय, त्याला धक्का सहन होत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. खूप वर्षांपूर्वी पंचवटीतल्या घरी आमचा काळू कुत्रा अचानक मांजरांवर दात काढायला लागला. आम्ही आठवडाभर आरडाओरडा केला, त्याला बांधून घातलं आणि शेवटी ओळखीच्या एका घरी देऊन टाकलं. तिथे त्याची दाढ सडलेली निघाली. ती काढल्यावर तो पुन्हा पहिल्यासारखा झाला, फक्त आमच्याकडे परत आला नाही. त्याची आठवण आली की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून दोघांनाही जनावरांच्या डॉक्टरकडे ने, एका दिवशी नको, वेगवेगळ्या दिवशी. ठमीचे सांधे, दात आणि रक्त तपासायला सांग. बंड्याने तिला जिथे धरलं तिथले केस बाजूला सारून बघायला सांग. कुत्र्याचा दात लागला की वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत मांस फाटलेलं असतं, पंधरा दिवसांत तिथे पू झालेला असू शकतो. तिची लस कधी द्यायची तेही तिथेच विचार, आणि तिने तुला चावल्याची तारीख सांगायला विसरू नकोस. चावल्यापासून १० दिवस तिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. बंड्याचे डोळे बघ. एक डोळा मिचकावत असेल किंवा त्यातून पाणी येत असेल तर आत नखाचा ओरखडा असेल. दुखणं दिसतंय म्हणून घरातली तापाची गोळी ठमीला चुकूनही देऊ नकोस. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतते. आणि बंड्याच्या पाठीवर गोचिडांसाठी औषध टाकत असाल तर त्यात परमेथ्रिन आहे का ते वाच. तेही मांजराला विषच. एका गोधडीवर झोपणाऱ्यांच्या घरात ते नकोच.

आता घरातलं. समेट करून देण्याचा तुझ्या नवऱ्याचा हेतू चांगला होता, पण घाबरलेल्या मांजराला उचलून त्याच्यापुढे धरलं म्हणजे तिची पळायची वाट बंद केली. हे पुन्हा करायचं नाही. रागावणं, चप्पल दाखवणं, पाणी मारणं हेही नाही. त्याने दोघांनाही एवढंच कळतं की तो दुसरा आला की आपल्या वाट्याला मार येतो. जुंपलीच तर मध्ये हात घालायचा नाही. उशी, पुठ्ठा किंवा जाड चादर मध्ये सरकवायची.

आजपासून दोघांना पूर्ण वेगळं कर. ठमीला आतली खोली दे. तिथे तिची रेती, पाणी, ऊबदार अंथरूण, आणि शिरून बसायला एका बाजूने कापलेलं खोकं ठेव. बंड्या हॉलमध्ये. पहिला आठवडा एकमेकांचं तोंडही दिसू द्यायचं नाही. वास मात्र जाऊ दे. गोधडीचा जुना तुकडा ठमीच्या गालांवर हलकेच फिरव, मांजर तिथूनच आपला वास सोडतं. तो तुकडा बंड्याच्या ताटलीजवळ ठेव, आणि त्याच्या अंथरुणाचा तुकडा तिच्या खोलीत टाक. हुंगून ती निघून गेली तर उत्तम. फिस्कारली तर तुकडा लांब सरकव आणि दोन दिवस थांब.

मग जेवणं बंद दाराच्या दोन बाजूंना सुरू कर, आधी दारापासून दोघंही लांब. निवांत खातात असं दिसलं की रोज वीतभर पुढे सरक. हे करताना तू जमिनीवर बस आणि ठमीकडे बघ. कान पुढे आहेत की डोक्याला चिकटलेत? पाठीची कातडी थरथरते का? शेपटी जमिनीवर आपटते का? आपटत असेल तर आज तिथेच थांबायचं. बंड्याला हेच कळत नाही गं. त्याच्या भाषेत हलती शेपटी म्हणजे बहुधा ये, तिच्या भाषेत आपटणारी शेपटी म्हणजे लांब राहा.

दाराआड दोघं शांत जेवायला लागले की सुताराकडून दारात बसेल अशी जाळीची चौकट करून घे. मच्छरदाणीची जाळी नको, ती एका पंजात फाटते. आता दोघं एकमेकांना दिसतील. बंड्या पट्ट्यात, पट्टा तुझ्या नवऱ्याच्या हातात, आणि खिशात उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. बंड्याने ठमीवरची नजर काढून माणसाकडे बघितलं की तुकडा द्यायचा. तोंड मिटून तो टक लावून बसला तर काही न बोलता त्याला फिरवून बाहेर न्यायचं. दोन-तीन मिनिटं पुरेत, दिवसातून दोनदा. चौकट काढायचा दिवस ठमी ठरवेल. तोवर हॉलमध्ये तिला उंचावर जायची सोय करून ठेव. फ्रिजपर्यंत उडी झेपत नसेल तर मध्ये स्टूल, स्टुलाआधी पाट. निसटायची वाट दिसत असेल तर ती पंजा उगारत नाही. याला दोन आठवडे लागतील किंवा दोन महिने, आणि मध्येच एखादा दिवस सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागेल. गाडं अडलंच तर जनावरांच्या डॉक्टरशी पुन्हा बोल. भीती उतरवणारी औषधं असतात आणि ती देण्यात कमीपणा नाही.

मळ्याबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. नाशिक जिल्ह्याला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. गोधडीवर झोपलेला बंड्या द्राक्षबागेच्या कडेला रात्री साखळीला बांधलेला असणार. हे नवऱ्याला याच शब्दांत सांग, त्याला कळेल. आणि सासूबाईंना वाद घालून पटवू नकोस. नऊ वर्षं घरात वाढलेलं मांजर बाहेर कसं जगणार, एवढंच विचार, आणि दुपारचं दाराआडचं जेवण त्यांच्या हातात दे. ठमीची ताटली रोज वीतभर पुढे त्याच सरकवू देत.

सिव्हिलमधून परत आलीस की दोन ओळी लिही, आणि ठमीच्या सांध्यांचं काय निघालं तेही कळव.

तुझी,
मावशी