कपालभातीतली 'भाती': भाता की तेज?

प्रश्न असा आला आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचा योगवर्ग चालतो. शिकवणाऱ्या ताई सांगतात, 'भाती' म्हणजे लोहाराचा भाता. श्वास झटक्याने सोडताना पोट भात्यासारखं आतबाहेर होतं म्हणून कपालभाती. वर्गातले एक निवृत्त संस्कृत शिक्षक म्हणतात, छे, भाती म्हणजे तेज. तिसऱ्या कुणाच्या वहीत चक्क 'कपालभारती' लिहिलं आहे. बरोबर कोण? आणि याला प्राणायाम म्हणायचं का?

व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर सर बरोबर आहेत. पण म्हणून ताईंना मोडीत काढता येत नाही. त्यांच्या बाजूने पुरावा आहे, आणि तोही चांगला जुना.

आधी सरांचं. संस्कृतात 'भा' हा धातू आहे, अर्थ प्रकाशणे. आभा, प्रभा, प्रतिभा, भानू, भास्कर ही सगळी त्याच घरची मंडळी. 'भाति' म्हणजे प्रकाशतो, दिसतो. आणि प्रकाश, तेज या अर्थाने ते नामही आहे. वेदान्तातलं 'अस्ति-भाति-प्रिय' हे त्रिकूट प्रवचनात ऐकलं असेल, त्यातली भाति हीच. कपाल म्हणजे कवटी. संस्कृत 'कपाल' आणि मराठी 'कपाळ' यांत फरक आहे. आपलं कपाळ भुवयांच्या वर चार बोटं, जिथे आठ्या पडतात आणि नशीब लिहिलेलं असतं ते. संस्कृतातलं कपाल म्हणजे डोक्याची अख्खी करवंटी. तेव्हा कपालभाती म्हणजे कवटी आतून लख्ख करणारी क्रिया. चेहऱ्यावर तेज येतं म्हणून हे नाव, असं काही जण सांगतात. ते ऐकायला बरं वाटतं, पण जुन्या ग्रंथांचं लक्ष चेहऱ्याकडे नाही, कफाकडे आहे.

आता ताईंचा पुरावा. स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिका' या हठयोगावरच्या, साधारण १५व्या शतकातल्या ग्रंथात या क्रियेचं वर्णन एकाच श्लोकात उरकलं आहे:

भस्त्रावल्लोहकारस्य रेचपूरौ ससंभ्रमौ ।
कपालभातिर्विख्याता कफदोषविशोषणी ॥

लोहाराच्या भात्याप्रमाणे भराभर रेचक (श्वास सोडणे) आणि पूरक (श्वास घेणे) करणे, ही कफदोष सुकवणारी प्रसिद्ध कपालभाती. म्हणजे व्याख्येच्या पहिल्याच शब्दात भाता हजर! आणि आपला मराठी 'भाता' या 'भस्त्रा'चाच वंशज आहे. भस्त्रा म्हणजे कातडी पिशवी. तिच्यात हवा भरली की लोहाराचा भाता, बाण भरले की धनुर्धराचा भाता. मराठीने दोन्हींना एकच नाव ठेवलं. हिंदीत तर लोहाराच्या भात्याला 'भाथी' म्हणतात. अशा शेजारात वाढलेल्या माणसाच्या कानाला 'भाती' म्हणजे छोटा भाता वाटला तर नवल नाही. धाप लागली की छातीचा भाता झाला, असंही आपण म्हणतोच.

मग अडतं कुठे? श्लोकातच. भाता सांगायचा होता तिथे स्वात्मारामांनी 'भस्त्रा' म्हटलं. नावातही भाताच अभिप्रेत असता तर संस्कृत नाव 'कपालभस्त्रा' किंवा 'कपालभस्त्री' असं काहीतरी झालं असतं. भस्त्राचा 'भाता' झाला तो प्राकृतांच्या तोंडी घासून. हा घासलेला शब्द उचलून संस्कृत सामासिक नावात बसवला आणि पुढच्याच श्वासाला मूळ शब्द वापरला, हे पटायला जड जातं.

गंमत अशी की 'कपालभस्त्री' हे नाव खरोखरच सापडतं. श्रीनिवास योग्यांच्या 'हठरत्नावली'त, साधारण १७व्या शतकातल्या, जवळजवळ हाच श्लोक आहे आणि तिथे क्रियेचं नाव कपालभस्त्री आहे. म्हणजे ताईंना पडलेला प्रश्न तीनेकशे वर्षांपूर्वीच्या योग्यांनाही पडला असावा, आणि त्यांनी तो नाव बदलून सोडवला, असा माझा कयास. त्याच ग्रंथात 'कपालभ्रांती' नावाची वेगळीच क्रिया आहे, डोकं वेगाने डावी-उजवीकडे फिरवायची. तेव्हा कुणी 'कपालभ्रांती करतो' म्हणालं तर लगेच हसू नका. मात्र मणक्याचा त्रास असलेल्या कुणालाही ती करायला सांगूही नका.

'कपालभारती'ला मात्र कुठल्याही ग्रंथाचा आधार नाही. विद्याभारती, बालभारती ऐकून सवयीने आलेला तो र आहे. 'कपालभांती' हे हिंदीतल्या 'भाँति'वरून आलेलं दिसतं. दोन्ही चूक.

घेरंडसंहिता या हठयोगावरच्याच दुसऱ्या जुन्या ग्रंथात याच क्रियेला 'भालभाति' म्हटलं आहे. भाल म्हणजे आपलं मराठी कपाळच. हे नाव सरांच्या पारड्यात आणखी वजन टाकतं, कारण पहिलं पद बदललं तरी 'भाति' जागची हलली नाही. पण आतलं वर्णन वाचलं की डोकं गरगरतं. भालभातीचे तीन प्रकार दिले आहेत: वातक्रम, व्युत्क्रम, शीत्क्रम. वातक्रमात डाव्या नाकपुडीने श्वास घ्यायचा, उजवीने सोडायचा, मग उजवीने घेऊन डावीने सोडायचा. हे तर आज ज्याला आपण अनुलोम-विलोम म्हणतो तेच झालं! व्युत्क्रमात नाकाने पाणी ओढून तोंडाने टाकायचं, शीत्क्रमात तोंडाने घेऊन नाकाने. पोटाचे झटके कुठेच नाहीत. घेरंडांच्या शिष्याला आजच्या वर्गात बसवून 'कपालभाती सुरू करा' म्हटलं, तर तो पाण्याचं भांडं मागेल. (त्या शिष्याचं नाव चंडकापालि. नावातच कपाल असल्याने त्याला हे नीट कळलं असावं.)

एवढ्यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळतंच. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती अशी षट्कर्मं सांगितली आहेत. ही शुद्धिक्रियांची यादी, घर झाडून घ्यायची. प्राणायामाचे आठ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरण्याचे प्रकार, निराळे दिले आहेत: सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा, प्लाविनी. यात कपालभाती नाही. शिवाय कपालभातीच्या श्लोकाला लागूनच पुढचा श्लोक म्हणतो की षट्कर्मांनी स्थूलपणा, कफ, मळ गेला की मग प्राणायाम करावा, 'प्राणायामं ततः कुर्यात्'. तो 'ततः' फार मोलाचा आहे. आधी हे, मग ते.

भात्याच्या नावावर खरा हक्क आहे तो या आठांतल्या भस्त्रिकेचा. भस्त्रिका म्हणजे छोटा भाता, शब्दशः. ताई जी व्युत्पत्ती सांगतात ती नेमकी शेजारच्या घरची आहे. करण्यातही फरक आहे. आज शिकवतात त्या कपालभातीत जोर फक्त श्वास सोडण्यावर. ओटीपोट झटक्यात आत घ्यायचं, नाकातून फुस्स असा आवाज होतो, आणि पोट सैल सोडलं की श्वास आपसूक आत येतो. तो ओढायचा नाही. नवशिक्या हमखास इथेच चुकतो: पोटाऐवजी खांदे उडतात, चेहरा आक्रसतो, आणि श्वास घेतानाही जोर लागतो. भस्त्रिकेत घेणं आणि सोडणं दोन्ही जोरात, आणि थकवा आला की उजव्या नाकपुडीने श्वास भरून कुंभक, मग डावीने रेचक. कुंभक आला म्हणून ती प्राणायामात बसते. आता वरचा श्लोक पुन्हा पाहा: तिथे रेचक आणि पूरक दोन्ही 'ससंभ्रम', म्हणजे भराभर, आहेत. आजची ढिल्या पूरकाची पद्धत श्लोकाच्या अक्षरात नाही. ती शिकवणाऱ्यांच्या परंपरेतून आली आहे, आणि माझ्या मते ती अधिक सुखाची आहे.

मग 'कपालभाती प्राणायाम' ही जोडी रुळली कशी? २००० नंतरच्या दशकात बाबा रामदेवांच्या दूरचित्रवाणीवरच्या शिबिरांनी ती घरोघरी नेली, हे उघड आहे. त्याआधी महाराष्ट्रात हे शब्द ठाऊक होते ते बहुतेक कैवल्यधाम या योगसंस्थेच्या वळणाने. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला ते सुरू केलं, 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या. त्या वळणात क्रिया आणि प्राणायाम यांची खाती वेगळी असतात. शास्त्र बघायचं तर मी कपालभातीला क्रियाच म्हणेन. पण पहाटे बागेत जमलेल्या चारचौघांत 'हा प्राणायाम नव्हे' म्हणून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. व्यवहारात प्राणायाम शब्दाचा अर्थ 'श्वासाचा व्यायाम' इतका सैल झाला आहे, आणि शब्द असे सैल होतातच.

फक्त एका कारणाने हा भेद मी सोडू नये म्हणतो. षट्कर्मं सगळ्यांसाठी नाहीत असं हठप्रदीपिका स्पष्ट सांगते: ज्याला मेद आणि कफ जास्त त्याने आधी ती करावीत, ज्याचे दोष समतोल आहेत त्याने करू नयेत. 'प्राणायाम' म्हटलं की तो सर्वांना चांगला, जितका जास्त तितका चांगला, असं लोक धरून चालतात. कपालभातीत मिनिटाला साठ ते एकशेवीस झटके असतात. फार वेळ जोरात केली तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. काहींना ती कुंडलिनी वाटते. गरोदरपण, हर्निया, वाढलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांत ती टाळायला सांगतात ते उगाच नाही. मन शांत व्हावं एवढंच हवं असेल तर झटक्यांपेक्षा संथ श्वास, त्यातही लांबवलेला उच्छ्वास, जास्त कामाचा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, घेताना वाढते. मनगटाची नाडी धरून बसलात तर कधी कधी हे बोटांनाही कळतं. भ्रामरीत गुंजारव करत श्वास सोडायचा असतो, तेव्हा तो आपोआप लांबतो.

राहिलं लेखन. मराठीच्या नियमाने तत्सम शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून 'कपालभाती'. समासात पूर्वपदी आली की मूळचा ऱ्हस्व परततो: 'कपालभातिक्रिया'. नेती, धौती, बस्ती यांचंही तेच, 'नेतिक्रिया', 'बस्तिकर्म'. लिंग स्त्रीलिंगी, म्हणून 'कपालभाती केली'. 'कपालभाती केला' हे जे ऐकू येतं त्यात मागचा 'प्राणायाम' गृहीत असतो. सरांना ते खटकेल, ताईंना खटकणार नाही, आणि वहीत 'भारती' लिहिणाऱ्यांनी आधी र खोडावा, लिंगाचं नंतर बघू.