कॅमेऱ्याशिवाय नजर ओळखायची तर: ईओजी की इन्फ्रारेड?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे, हातपाय आणि बोलणं गेलंय, डोळे मात्र नीट फिरतात, आणि त्यांच्या इशाऱ्यांवर पंख्यासारख्या गोष्टी चालवायच्या आहेत. घरात दिवसभर तोंडासमोर कॅमेरा नको, आणि १०० एमएएचच्या बॅटरीवर दिवस निघायला हवा. मग ईओजीचे (डोळा फिरल्यावर त्वचेवर पडणारा विजेचा फरक मोजणारे) इलेक्ट्रोड लावायचे की चष्म्यात इन्फ्रारेड सेन्सर?

माझ्या मते इन्फ्रारेड.

ईओजीला वीज फारच कमी लागते, हे खरं. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) रेटिनाच्या, म्हणजे मागच्या पडद्याच्या, मानाने धनभारित असतो, त्यामुळे डोळा एक अंश फिरला की आजूबाजूच्या त्वचेवर साधारण ५ ते २० मायक्रोव्होल्टचा फरक पडतो. जिन्स या जपानी कंपनीने तर २०१५ मध्ये नाकावर टेकणाऱ्या भागातच इलेक्ट्रोड असलेला चष्मा बाजारात आणला. पण घाम आला, इलेक्ट्रोडखालचं जेल सुकलं की सिग्नलची मूळ पातळी सरकत जाते, आणि हे सरकणं नजरेच्या सिग्नलपेक्षा मोठं असतं. फिल्टर लावून ते काढलं तर नजर कुठे स्थिरावली आहे तेही त्याच्याबरोबर जातं. शिवाय उजेडानुसार डोळ्याचं स्वतःचं व्होल्टेज बदलतं. काकांना उन्हाच्या गॅलरीतून अंधाऱ्या खोलीत आणलंत, तर काही मिनिटांत त्याच नजरेचे आकडे वेगळे येऊ लागतील. आणि इलेक्ट्रोडखाली खाज सुटली तर ती त्यांना सांगता येणार नाही, खाजवताही येणार नाही. एवढ्यासाठीच मी ईओजी बाजूला ठेवेन.

इन्फ्रारेडमध्ये त्वचेला काही चिकटवायचं नसतं. डोळ्याचा पांढरा भाग प्रकाश जास्त परावर्तित करतो, बुबुळ कमी, बाहुली त्याहून कमी. डोळा फिरला की फोटोडायोडवरचा (प्रकाश मोजणाऱ्या भागावरचा) प्रकाश बदलतो. आपल्या तपकिरी बुबुळांचा पांढऱ्याशी फरक इन्फ्रारेडमध्ये मात्र कमी होतो, कारण बुबुळातलं रंगद्रव्य, मेलॅनिन, या लांबीच्या लहरी फारशा शोषत नाही. (आधारच्या वेळी बुबुळाचा फोटो याच प्रकाशात काढतात, कारण तेव्हा त्याची नक्षी उठून दिसते.) म्हणून प्रत्येक डोळ्याला नाकाच्या बाजूचा आणि कानाच्या बाजूचा असे किमान दोन सेन्सर लावून त्यांच्यातला फरक मोजा.

पुण्याच्या तापकीर गल्लीत सहज मिळणारा टीसीआरटी ५००० हा तयार इन्फ्रारेड सेन्सर, लाइन फॉलोअर रोबोटला लावतात तो, इथे घेऊ नका. तो अडीच मिलिमीटरच्या आसपास उत्तम चालतो. चष्म्यापासून डोळा त्याच्या कितीतरी पट लांब असतो. ९४० नॅनोमीटरचे सुटे एलईडी आणि काळ्या आवरणाचे फोटोडायोड घ्या. प्रत्येक वेळी एलईडी बंद असताना एक आणि चालू असताना एक वाचन घेऊन वजाबाकी करा, म्हणजे खिडकीतल्या उन्हाचा त्रास बराच कमी होतो.

विजेचं गणित सोपं आहे. १० मिलिअँपिअर, १०० मायक्रोसेकंद, सेकंदाला १०० वेळा, म्हणजे एका एलईडीला सरासरी ०.१ मिलिअँपिअर. चार एलईडींना ०.४. ब्लूटूथसकट सगळं अडीच मिलिअँपिअरमध्ये बसवलंत तर बॅटरी चाळीस तास पुरेल.

खरी अडचण चष्मा घसरण्याची आहे, आणि काकांना तो वर सरकवता येत नाही. एक मिलिमीटर घसरला तरी सकाळचं कॅलिब्रेशन (सेन्सरचे आकडे नजरेशी जुळवणं) वाया जातं. म्हणून पडद्यावर ते नेमकं कुठे बघताहेत हे शोधूच नका. हालचाल वाचा: झटकन उजवीकडे आणि सेकंदाच्या आत परत मध्ये. घसरलेला चष्मा आपोआप जागेवर येत नाही, त्यामुळे अशी जोडी नजरेचीच असण्याची शक्यता जास्त. मूळ पातळी सावकाश जुळवून घेत राहा. चार दिशांच्या चार खुणा, आणि आधी ‘ऐकायला सुरुवात कर’ सांगणारी एक वेगळी खूण, नाहीतर कुणी खोलीत आलं म्हणून त्यांनी नुसतं पाहिलं तरी पंखा बंद होईल. ही खूण पापणीवर बांधू नका. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही दुबळे होऊ शकतात.

मान हलली की डोळे आपोआप उलट दिशेला फिरतात. व्हीलचेअर उंबऱ्यावरून नेताना हे होणारच, तेव्हा चष्म्यात एक छोटा जायरोस्कोप (फिरणं ओळखणारा सेन्सर) बसवा आणि मान हलत असेपर्यंत सगळ्या खुणा दुर्लक्षित करा.

एक गोष्ट अजिबात टाळू नका. इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे जास्त झाला तरी डोळा मिटत नाही. दीर्घकाळासाठी आयईसी ६२४७१ या दिव्यांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा डोळ्यावर चौरस मीटरला १०० वॅट आहे. प्रोग्राम अडकून एलईडी सतत पेटलेला राहिला तरी या मर्यादेच्या खूप खाली राहाल असा रेझिस्टर निवडा. ही जबाबदारी सॉफ्टवेअरवर सोडू नका. काकांना चष्मा लावण्याआधी सर्किट आणि हा हिशेब इथे टाका, मी तपासून देतो.